चौकोनी भोकाचा बागलाणी इतिहास

किल्ल्याच्या दरवाज्यात दोन तऱ्हेची भोकं असतात. सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेर-साल्हेरकडे जाणारे बहुतेक जण माथा गाठायच्या घाईत असतात, त्यामुळे तिकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. उंबऱ्याशी दगडात एक गोल खळगा असतो. दाराच्या फळीचा खालचा खुंट त्यात फिरायचा. आणि चौकटीच्या मागे, दोन्ही बाजूंच्या भिंतींत, समोरासमोर दोन चौकोनी भोकं असतात. त्यांतलं एक उथळ, दुसरं मात्र भिंतीच्या पोटात खोल गेलेलं. दिवसा अख्खा अडसर त्या खोल भोकात सरकवून ठेवायचा आणि सांज झाली की ओढून समोरच्या भोकात बसवायचा. दारं गेली, अडसर कुणाच्या तरी चुलीत गेले. भोकं तेवढी राहिली.

जे फिरायला हवं त्याला गोल भोक, जे फिरता कामा नये त्याला चौकोनी. अडसर, बैलगाडीच्या चाकातला आरा, पाभरीचा फण, लोखंडी नांगराचा बोल्ट या सगळ्यांना हाच नियम. अडचण अशी की भोक पाडायची माणसाची बहुतेक हत्यारं स्वतः गरगर फिरून कापतात. सामता फिरतो, गिरमिट फिरतं, ड्रिल फिरतं. फिरणाऱ्या पात्याला कोपरा घेता येत नाही. म्हणजे आधी गोल भोक पाडायचं आणि मग त्याला कुणीतरी चार कोपरे द्यायचे. ते कोपरे कोणी आणि कसे दिले, याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे आणि त्यातला बराचसा नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात बसून सांगता येतो.

बांधीव दरवाज्यात खरं तर पळवाट असते. तिथे भोक कोणी पाडलेलंच नसतं. गवंड्याने चिरे रचताना जागा सोडली, वर एक लांब चिरा टाकला, की चौकोन फुकटात मिळाला. खरी परीक्षा अखंड कातळात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात जुन्या लोकांनी चौकोनी खोबण्या कोरल्या त्या मुख्यतः लाकूड अडकवण्यासाठी. आपल्याला लेणी म्हणजे निव्वळ दगड वाटतात, पण सुरुवातीच्या लेण्यांत लाकूड भरपूर होतं. भाज्याच्या चैत्यगृहाची दर्शनी बाजू लाकडाची होती. ती नाहीशी झाली आणि ती जिथे रुतवली होती त्या खाचा कातळात उरल्या. कार्ल्याला तर छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. तिथल्याच एका लेखात दाराचं काम धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, केल्याचं नोंदलं आहे. दगडाच्या लेण्यावर नाव कोरलं गेलं ते सुताराचं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांतही असा एक धागा आहे. तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचं म्हटलं आहे. त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. संघासाठीचे पैसे ठेवावेत इतकी पत असलेला कारागिरांचा गट नाशकात होता. पाणी उचलायचं यंत्र लाकडाचं, आणि लाकूड लाकडात अडकवायचं तर चौकोनी भोकावाचून सुटका नव्हती.

कातळात भोक पाडायच्या दोन रीती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. विहीर खोदताना सुरुंगाची दारू ठासायला जे भोक लागतं ते पहारीने पाडतात. एक जण पहार धरून बसतो, दुसरा घण घालतो, आणि दर घावागणिक धरणारा पहार थोडी फिरवतो. फिरवली नाही तर ती रुतून बसते. या फिरवण्यामुळेच भोक गोल होतं. चौकोनी खोबणीत टाकी फिरवायची नसते. पाथरवट आधी मध्यभाग फोडून काढतो, मग भिंती सरळ करत बाहेर सरकतो, आणि कोपरे अगदी शेवटाला ठेवतो. कोपऱ्यात घावाला दोनच बाजू मोकळ्या मिळतात. जोर जरा वाढला की शेजारची कड उडते, आणि दगडाला ठिगळ लावता येत नाही. किल्ल्यांवर पाण्याच्या टाक्यांच्या आसपास आयताकृती खाचांची एक रांग कधी कधी दिसते. चिरा सुटा करायला तिथे पाचरी ठोकल्या जात. त्या पाचरी लाकडी होत्या, त्यांवर पाणी ओतलं की लाकूड फुगून कातळ फुटायचा, अशी गोष्ट वाटाडे हमखास सांगतात. गोष्ट छान आहे. मला मात्र लोखंडी पाचर आणि चार दणकट हात जास्त पटतात.

सटाणा आरम नदीच्या काठी वसलं आहे, उत्तरेला मोसमचं खोरं. दोन्ही नद्या पुढे गिरणेला मिळतात. या नद्यांवर आणि धुळ्याकडच्या पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. फडाची शेती ही वेगळ्या लेखाची सामग्री. सामाईक पाट, जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, अशी ती व्यवस्था. इथे मतलब आहे तो बंधाऱ्याच्या पायाशी. १८६९ साली नाशिक जिल्हा होईपर्यंत बागलाण खानदेशात मोडायचं, आणि खानदेशातले जुने बंधारे कसे बांधले याचं वर्णन इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. नदीच्या तळाचा कातळ जिथे उघडा पडला आहे तिथे बंधाऱ्याची रेघ धरायची, त्या रेघेवर थोड्या थोड्या इंचांवर कातळात भोकं घ्यायची, त्यांत दगडाचे उभे खुंट रोवायचे आणि त्यांच्याभोवती चुन्याचं पक्कं काम चढवायचं. खुंट हलायचे नाहीत, म्हणून पावसाळ्यातला लोंढा बंधाऱ्याला तळावरून सरकवू शकायचा नाही. वरून पाहणाऱ्याला भिंत दिसते. तिला जागेवर धरणारी भोकं पाण्याखालीच राहतात.

आता लाकडाकडे येऊ, कारण चौकोनी भोकाचा खरा धनी सुतार.

देवमामलेदार म्हणून पुढे ज्यांचं मंदिर सटाण्यात उभं राहिलं ते यशवंतराव भोसेकर बागलाणचे मामलेदार होते तो १८७० च्या आसपासचा काळ. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना रयतेसाठी मोकळा केल्याची कथा तालुक्यात लहान मुलालाही ठाऊक असते. त्या काळच्या कुठल्याही गावात सुतार हा बलुतेदार होता. लाकूड शेतकऱ्याचं, हात सुताराचे, मोबदला खळ्यावर धान्याने. त्याच्याकडे आलेलं निम्मं काम चौकोनी भोकाचं असायचं. नांगराच्या खोडात हाळीस बसवायचं भोक. वखराच्या दिंडात जानोळ्यांची भोकं. पाभरीच्या दिंडात फणांची भोकं. या शेवटच्या भोकांमधलं अंतर सुताराने धरलं की शेतातल्या ओळींमधलं अंतर ठरलं. पुढे कोळपणीला बैल त्याच हिशेबाने चालायचे.

पण सगळ्यात अवघड काम गाडीच्या चाकाच्या तुंब्याचं. तुंबा म्हणजे चाकाच्या मधोमध असणारा बाभळीचा भरीव ठोकळा. त्यातून आरपार एक गोल भोक, आसासाठी, कारण चाक फिरायचं. आणि त्याच्या पोटाभोवती आऱ्यांसाठी चौकोनी भोकांची माळ, कारण आरे फिरायचे नाहीत. एकाच लाकडात दोन्ही जातींची भोकं. आऱ्यांची भोकं सारख्या अंतरावर यायला हवीत, म्हणून तुंब्याला सुतळी वेढून, ती सोडून, दुमडत दुमडत तिचे सारखे भाग करायचे आणि खुणा उतरवायच्या. प्रत्येक भोकाची लांब बाजू लाकडाच्या रेषेबरोबर धरायची. आडवी धरली तर जास्त रेषा तुटतात आणि तुंबा कच्चा पडतो.

मग सामता. दोरी गुंडाळलेल्या कमानीने डावी-उजवीकडे फिरणारा तो टोकदार गज. त्याने आखलेल्या चौकोनाच्या आत शेजारी शेजारी गोल भोकं घ्यायची. मधले पडदे किकऱ्याने फोडायचे. मग पटाशी उभी धरून, लाकडी हातोड्याने हलके ठोके देत भिंती सरळ करायच्या आणि कोपरे साफ करायचे. भोक आत जाताना किंचित निमुळतं ठेवायचं, म्हणजे आरा ठोकताना तो जसजसा आत जाईल तसतसा आवळत जाईल. दोन भोकांमधली भिंत बोटभर जाडीची असते. शेवटच्या भोकाला एक घाव तिरका पडला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, आणि तो घाव बहुधा शेवटच्याच भोकाला पडतो.

आऱ्याचं टोक, म्हणजे कुसू, त्या भोकात घणाने बसवत. पुरतं बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो. सुतार डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर विसंबायचा. आऱ्यांची बाहेरची टोकं पाट्यांच्या, म्हणजे चाकाच्या घेराच्या लाकडी तुकड्यांच्या, भोकांत जायची. शेवटी लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव आकसायची, पाटे आत रेटले जायचे, पाटे आऱ्यांना रेटायचे आणि आरे तुंब्याच्या भोकांत करकचून बसायचे. ना खिळा, ना सरस. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आरे खुळखुळायला लागले की चाक नदीच्या डोहात टाकून ठेवायचं. लाकूड फुगून पुन्हा घट्ट. आरम आटलेली असली की विहिरीच्या थारोळ्यावर पाणी मारायचं.

वाड्यांचं काम याहून देखणं, पण खाचेच्या दृष्टीने सोपं. साल्हेरच्या पश्चिमेला उतरलं की डांगचं जंगल. तिथला साग या भागाचा इमारती साग. इंग्रजांनीही १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून डांगचं जंगल भाडेपट्ट्याने घेतलं ते या सागासाठीच. खांबाच्या खालच्या कुसवासाठी दगडी तळखड्यात चौकोनी खोबण, वरच्या कुसवासाठी तुळईत खाच. सागाला पटाशी लोण्यासारखी चालते. बाभळीशी झुंजलेल्या सुताराला वाड्याचं काम म्हणजे विसावाच वाटत असणार.

भोकाचा कोपरा माणसाच्या हातातून यंत्राकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गेला तो जहाजांमुळे. इंग्लंडच्या आरमाराला शिडांच्या दोरखंडांसाठी वर्षाला लाखभर लाकडी कप्प्या लागत, आणि प्रत्येक कप्पीत चाकासाठी एक लांबोडकी आयताकृती खाच. मार्क ब्रुनेल या मूळच्या फ्रेंच इंजिनिअरने ही कामं यंत्रांवर घ्यायचं ठरवलं, आणि हेन्री मॉड्सले या कसबी कारागिराने ती यंत्रं पूर्णपणे धातूची घडवली. १८०८ पर्यंत पोर्ट्समथच्या गोदीत वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ११० कसबी माणसं जे करायची ते आता १० साधी माणसं करू लागली. पण यंत्राची रीत पाहा. आधी गिरमिटाने एक गोल भोक, मग वरखाली होणारी पटाशी, आणि दर ठोक्याला कप्पी थोडी पुढे सरकवणारा स्क्रू. म्हणजे सुताराचीच रीत, फक्त हात वाफेचा. त्याच सुमाराला मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे वस्ताद सागवानी जहाजं बांधत होते. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे.

बागलाणच्या शेतकऱ्यापर्यंत यंत्रयुग पोचलं ते नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला, हे सर्वश्रुत आहे. लोखंडी नांगराने सुताराचं हाळिसाचं भोक कमी केलं, पण चौकोनी भोक संपवलं नाही. फाळ ज्या बोल्टने बसतो त्या बोल्टचं डोकं फाळाच्या पृष्ठभागात बुडालेलं असतं, नाहीतर माती अडकते. मग नट आवळताना त्याला पाना कुठे लावणार? म्हणून डोक्याखालचा गळा चौकोनी करायचा आणि फाळाला भोकही चौकोनी. बोल्ट भोकात अडकतो, फिरत नाही, आणि शेतकरी बांधावर बसून एकाच पान्याने फाळ बदलू शकतो. हे चौकोनी भोक लोहार तापल्या पत्र्यात चौकोनी पंच घालून एका घावात पाडतो, कारखान्यात तेच काम प्रेस करतो. पातळ लोखंडात ठोकून कोपरा मिळतो. जाड पोलादात मिळत नाही, आणि तिथून खरी गंमत सुरू होते.

फ्रान्झ र्‍युलो हा जर्मन प्राध्यापक यंत्रांच्या हालचालींचं शास्त्र मांडणारा माणूस. त्याचा मोठा ग्रंथ १८७५ चा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक त्रिकोण आहे. समभुज त्रिकोण काढा, प्रत्येक कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून समोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारा कंस मारा. जो फुगीर त्रिकोण मिळतो त्याची रुंदी कुठूनही मोजा, सारखीच भरते. त्यामुळे त्याच रुंदीच्या चौकोनी चौकटीत तो ठेवून फिरवला तर चारही बाजूंना सतत टेकून फिरतो. फिरताना त्याची टोकं चौकटीचा जवळजवळ सगळा भाग पुसून काढतात, हिशेबाने ९८.७७ टक्के. राहतात ते फक्त चार कोपऱ्यांतले बारीक तुकडे.

मग या त्रिकोणालाच धार लावली तर? अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या हॅरी जेम्स वॉट्सने नेमकं हेच केलं आणि १९१७ साली पेटंटं घेतली. अडचण एकच होती. हा त्रिकोण फिरताना त्याचा मध्य एका जागी राहत नाही, तो स्वतः एक छोटी फेरी घालतो. म्हणून साध्या यंत्राच्या चकमध्ये तो धरता येत नाही. वॉट्सने चक असा केला की ड्रिल फिरता फिरता थोडं इकडेतिकडे सरकू शकेल. आणि ड्रिलने चौकोनाबाहेर भरकटू नये म्हणून कामावर एक पोलादी पट्टी बसवायची, तिच्या भोकात ते ड्रिल फिरायचं. त्या पट्टीतलं भोक अर्थातच चौकोनी! म्हणजे चौकोनी भोक पाडणाऱ्या यंत्राला आधी एक चौकोनी भोक हवं. ते पट्टीतलं भोक कोणीतरी कानशीने घासूनच केलेलं असणार. भूमितीच्या पुस्तकांनी या ड्रिलला डोक्यावर घेतलं, कारखान्यांनी नाही. कोपरे थोडे गोल राहतात आणि सांभाळायला ते कटकटीचं आहे.

लाकडाच्या कामात जिंकली ती वेगळीच युक्ती, आणि ती साधी आहे. चौकोनी पोलादी नळी घ्यायची, तिच्या चारही कडांना आतून पटाशीसारखी धार, आणि नळीच्या पोटात फिरणारं गिरमिट. दांडा खाली दाबला की गिरमिट मधलं लाकूड काढतं आणि नळीच्या धारा त्याच दमात कोपरे छाटतात. नळीला खाच असते, तिथून भुसा बाहेर पडतो. पिंपं बनवण्याच्या धंद्यातल्या शिकागोच्या ग्रीनली बंधूंनी एकोणिसाव्या शतकात ती रुळवली. फर्निचरच्या मोठ्या कारखान्यांत आज हेच यंत्र दिसतं. गावाकडे दाराची चौकट करणारा मिस्त्री मात्र विजेच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडतो आणि कोपरे पटाशीनेच काढतो. सामत्याची जागा ड्रिलने घेतली, एवढाच बदल.

पोलादात हाताने कोपरा काढणं आजही शिकवलं जातं, आणि तेही तालुक्या-तालुक्यातल्या आयटीआयमध्ये. फिटरचा ट्रेड घेतलेल्या प्रत्येक पोराला चौकोनी भोकाचा जॉब करावा लागतो. पोलादी पट्टीवर चौकोन आखायचा, रेघेच्या आत साखळीसारखी भोकं पाडायची, छिन्नीने मधला तुकडा उडवायचा आणि मग कानस. कोपऱ्यात कानस अडू नये म्हणून तिथे आधीच एक बारीक भोक घेतात. शिवाय एक ठोकळा घासून घ्यायचा, तो त्या भोकात बरोबर बसला पाहिजे. निदेशक ठोकळा घालतो, काढतो, पाव फेरी फिरवून पुन्हा घालतो. चारही वेळा सारखा बसला पाहिजे. मग पट्टी उजेडासमोर धरतो; फटीतून उजेड आला की पोराचा चेहरा पडतो. चुकीची मुभा असते मिलिमीटरच्या चार शतांश भागाएवढी. बागलाणातली कितीतरी पोरं हा जॉब करून नाशकातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागली. तिथे पुन्हा कधी हाताने चौकोन घासायची वेळ फारशी येत नाही, पण कोपरा म्हणजे काय ते बोटांना कळलेलं असतं.

त्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये आता वायरकट मशीन असतं. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवायची ही विद्या लाझारेन्को या सोव्हिएत पती-पत्नींनी १९४३ मध्ये मांडली. वायरकटमध्ये पितळेची पाव मिलिमीटर जाडीची तार ठिणग्या पाडत पोलादातून आखलेल्या रेघेवर सरकते. ना जोर, ना धार, ना घाव. कडक केलेलं पोलादही कापलं जातं. पण तार आत ओवायची तर पोलादात आधी भोक हवं, आणि ते भोक गोल. शिवाय तार स्वतः गोल असल्यामुळे आतला कोपरा तिच्या निम्म्या जाडीएवढा तरी गोल राहतोच, त्यात ठिणगीची फट मिळवली की आणखी थोडा. बहुतेक कामांना तेवढं चालतं. जिथे चालत नाही तिथे डायमेकर अखंड डायचा, म्हणजे पत्रा कापायच्या साच्याचा, नाद सोडून देतो आणि ती तुकड्यांत करतो. कोपऱ्याच्या रेघेवरच डाय दुभंगायची, प्रत्येक तुकड्याला ग्राइंडरवर नुसती सरळ बाजू घासायची, आणि तुकडे एकमेकांना टेकवून डॉवेल पिना ठोकायच्या. कोपरा असा कोणी कापलेलाच नसतो. पिनांची भोकं मात्र काटेकोर गोल, रीमर फिरवून केलेली.